भिंती पाडल्या, आवाज बसला

आमच्या कार्यालयाच्या भिंती पाडल्या त्या दिवशी व्यवस्थापनाने छोटेखानी समारंभ करून ‘आता मोकळेपणाने बोला’ असे आम्हांला सांगितले, आणि तेव्हापासून माझी बोलती बंद झाली आहे.

माझ्या नव्या जागेची पाठ येण्याजाण्याच्या वाटेकडे असल्याने पाण्याची बाटली भरायला निघालेला प्रत्येक जण माझ्या संगणकावर नजर टाकून जातो, निदान टाकत असावा असे मला वाटते, परिणाम एकच. पहारेकरी दिसू नये, पण त्याची नजर आपल्यावर आहे असे कैद्याला सतत वाटत राहावे, असा गोल तुरुंग इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम याने अठराव्या शतकाच्या अखेरीस कागदावर मांडला होता. त्याला मध्यभागी मनोरा लागला; आमच्याकडे पाण्याच्या कूलरवर भागले. पूर्वी विचार करताना मी छताकडे पाहत बसे. आता तसे बसलेला माणूस रिकामटेकडा दिसतो, म्हणून काहीच सुचत नसले की मी एक तक्ता उघडून त्यातला एकच रकाना रुंद-अरुंद करत राहतो आणि कपाळाला व्यवस्थित आठ्या घालतो.

शेजारच्या सहकाऱ्याचे कोपर माझ्या कोपराला लागते, तरी त्याला काही विचारायचे झाल्यास मी ईमेल पाठवतो, कारण तोंडाने विचारले की आजूबाजूच्या सगळ्या माना वर होतात. भिंती काढून टाकलेल्या दोन मोठ्या कंपन्यांमध्ये समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढल्या, असे ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले होते. ही माहिती मी त्याला कळवली, अर्थात ईमेलनेच. त्याने हेडफोन न काढता अंगठा उंचावला. त्या हेडफोनमध्ये गाणे नसते, हे मला ठाऊक आहे, माझ्याही नसते. दारे गेल्यावर लावून घ्यायला एवढेच उरले आहे.

घरचा फोन आला की मी जिन्याच्या वळणावर जातो. तिथे खिडकीच्या अरुंद कट्ट्याला टेकून दोघे-तिघे आधीच उभे असतात, आणि आपापले फोन संपले की आमच्या खऱ्या गप्पा सुरू होतात. गेल्या सहा महिन्यांतली कामाची एकूण एक कल्पना त्या धुळकट कट्ट्यावर सुचलेली आहे. ही बातमी कशी कोण जाणे वर पोहोचली. मागच्या सोमवारी तिथे दोन उंच स्टुले, एक प्लॅस्टिकचे झाड आणि ‘संवाद कोपरा’ अशी पाटी आली.

आम्ही हल्ली एक मजला खाली उतरतो.