ऑफ-ग्रिड सोलरचे महिन्याचे पैसे म्हणजे लूट नव्हे

पुण्यात सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. वेल्हे, मुळशी, भोरच्या विजेची तार न पोचलेल्या वाड्यावस्त्यांवर ऑफ-ग्रिड, म्हणजे सरकारी वीजजाळ्याला न जोडलेलं, सोलर बसवणाऱ्या खासगी कंपन्या लोकांना लुटतात, असा त्याचा सूर. ऊन फुकट, पॅनल २५ वर्षं टिकतं, मग दरमहा पैसे कसले? त्यापेक्षा तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रिकल बाजारातून पॅनल आणि इन्व्हर्टर आणा, गाडीची जुनी बॅटरी जोडा, निम्म्या पैशांत काम होतं, पावसाळ्यातही चालतं. शिवाय सरकार फुकट देतंच आहे. गावाकडची काळजी असलेली माणसंच हा मेसेज पुढे पाठवताहेत, म्हणून उत्तर द्यायला हवं.

‘पॅनल २५ वर्षं टिकतं.’ टिकतं. पण रात्रीचा दिवा बॅटरीवर लागतो. ट्युब्युलर, म्हणजे रोज भरून रोज वापरायसाठीच बनवलेली बॅटरी नीट वापरली तर चार-पाच वर्षं जाते. रोज पूर्ण रिकामी केली तर दोन वर्षांतच बसते. ४० अँपिअर-अवरची बॅटरी पाच-सहा हजारांची आणि आयुष्य चार वर्षं धरलं, तर महिन्याला १०० ते १२५ रुपये नुसते तिचेच झाले. हे पैसे आज बाजूला पडले नाहीत तर चार वर्षांनी घरात अंधार ठरलेला.

‘सामान आणा आणि जोडा.’ खरी गफलत इथे आहे. पाच वॅटचे तीन एलईडी रोज पाच तास, २० वॅटचा डीसी (थेट बॅटरीवर चालणारा) पंखा सहा तास आणि दोन मोबाइल, एवढ्याला साधारण २१० वॅट-अवर लागतात. मेसेजमधला घरगुती इन्व्हर्टर काही न जोडता नुसता चालू ठेवला तरी दहा-पंधरा वॅट खातो, म्हणजे २४ तासांत किमान २४० वॅट-अवर. घराच्या वापरापेक्षा जास्त वीज त्या डब्यातच जिरते. म्हणून छोट्या घराला इन्व्हर्टरशिवाय चालणारे १२ व्होल्टचे डीसी दिवे आणि डीसी पंखाच हवा.

गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. क्षणभर मोठा करंट देऊन स्टार्टर फिरवणं हे तिचं काम. रोज निम्म्याच्या खाली उतरवली की काही महिन्यांत ती चार्ज धरेनाशी होते.

मग वायर. अशा घराला पुरणारं ७५ वॅटचं पॅनल सव्वाचार अँपिअरच्या आसपास करंट देतं. छपरापासून बॅटरीपर्यंत दहा मीटर अंतर असेल, तर १ एमएमच्या तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन जवळजवळ दीड व्होल्टचा तोटा होतो. उन्हात तापलेलं पॅनल आधीच १५-१६ व्होल्टवर उतरलेलं असतं आणि बॅटरी पूर्ण भरायला १४.४ लागतात. म्हणजे भर एप्रिलमध्ये बॅटरी अर्धवट भरते आणि दोष पॅनलला जातो. ४ एमएमची वायर घातली की हाच तोटा ०.४ व्होल्टच्या आत येतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागून फ्यूज नसेल, तर शॉर्ट झाल्यावर वायर पेटते. गवताचं छप्पर असेल तिथे हे फार धोक्याचं.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून १८-२० अंशांत बसवायचं. आंब्याच्या फांदीने पॅनलच्या ३६ सेलपैकी एक जरी पूर्ण झाकला, तरी चार्जिंग जवळपास थांबतं.

‘पावसाळ्यातही चालतं.’ चालतं, पण किती? पाच तासांच्या उन्हात हे पॅनल तोटा वजा जाता सुमारे २४० वॅट-अवर देतं. आषाढात घाटमाथ्यावर अडीच तासांएवढं ऊन मिळालं तर १२०. दिवे आणि मोबाइल निघतात, पंखा बंद ठेवावा लागतो. हे विकतानाच सांगणारी कंपनी प्रामाणिक समजावी.

‘सरकार फुकट देतंय.’ २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ग्रिडला जोडलेल्या छतांना आहे. तार न पोचलेल्या घराला ते लागू नाही.

आता मूळ प्रश्न, महिन्याचे पैसे. पुण्याच्याच ग्राम ऊर्जा कंपनीने २०१२ मध्ये जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत मायक्रोग्रिड (वस्तीपुरतं छोटं वीजजाळं) उभारला, तिथेही मीटर लावून वापरानुसार पैसे घ्यायची पद्धत ठेवली. त्याशिवाय देखभाल होतच नाही. कर्नाटकात १९९५ पासून काम करणाऱ्या सेल्को या सोलर कंपनीने बँकेचं कर्ज आणि जवळचं सर्व्हिस सेंटर यांची सांगड घातली.

मात्र माल विकून पुन्हा न फिरकणारे विक्रेते आहेत आणि त्यांच्याबद्दलचा राग रास्त आहे. म्हणून सही करण्याआधी करारात लिहून घ्या: तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येईल, बॅटरीची वॉरंटी किती आणि त्यातली बिनशर्त बदलून मिळण्याची मुदत किती, डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार, दरमहाच्या रकमेत पुढची बॅटरी धरली आहे का. जुनी बॅटरी कंपनीने परत न्यायची, हेही लिहा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि शिसं-आम्ल भरलेली बॅटरी परसात पडून राहणं कोणत्याच घराला परवडणारं नाही.