ग्लुटेन-फ्री आहे म्हणून काय वाट्टेल ते गोड मानून घ्यायचं?

सिलिअ‍ॅक हा ग्लुटेन न चालणारा आजार असलेल्या माणसाच्या हातात बिअर पडली की तो आधी आभार मानतो आणि मग चव बघतो. आमच्या सगळ्यांचीच ही खोड आहे. माझं स्पष्ट मत आहे की ग्लुटेन-फ्री बिअरचा दर्जा इतकी वर्षं यथातथाच राहिला, त्यात धान्याइतकाच आमच्या या आभारी स्वभावाचाही हात आहे. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना बिअरशी देणंघेणं नाही त्यांनी इथूनच रजा घ्यावी, राग नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. साधारण शंभरात एकाला सिलिअ‍ॅक असतो. गहू, बार्ली (जव) आणि राय या तीन धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या लहान आतड्यावर उलटते. औषध नाही, ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य, एवढाच उपाय. आणि बिअर म्हणजे मुळात बार्लीचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. ‘हलकी बिअर चालते ना, त्यात तर तांदूळ असतो’ असं दर पार्टीत कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. बडवायझरमध्ये तांदूळ असतो, कोरोनात मका असतो, सगळं खरं. पण दोन्हींत बार्ली असतेच.

आता मुख्य घोळ. ‘ग्लुटेन-फ्री’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, जिच्यात बार्ली कधी गेलीच नाही: ज्वारी, मिलेट (वरीसारखं बारीक भरड धान्य), तांदूळ, बकव्हीट (कुट्टू) यांपासून केलेली. दुसरी, नेहमीसारखी बार्लीचीच, फक्त आंबवताना त्यात एक एन्झाइम टाकून ग्लुटेनचे तुकडे केलेली. गंमत म्हणजे हे एन्झाइम आमच्यासाठी शोधलेलंच नव्हतं. बिअर थंड केल्यावर गढूळ दिसू नये म्हणून ते आलं. प्रोलीन नावाच्या अमिनो आम्लाशी प्रथिनांची साखळी तोडणं हे त्याचं काम, आणि ग्लुटेन प्रोलीनने भरलेलं. तेव्हा गढूळपणाबरोबर ग्लुटेनचा आकडाही खाली आला आणि कंपन्यांना नवं गिऱ्हाईक सापडलं.

आकडा खाली येतो, पण तो मोजायचा कसा? आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे २० पीपीएम. नेहमीच्या चाचणीत ग्लुटेन ओळखण्यासाठी वापरलेल्या प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) प्रथिनाचा तुकडा दोन जागी पकडावा लागतो. तुकडे बारीक झाले की ती पकडच बसत नाही आणि आकडा कमी दिसतो. त्यासाठी वेगळी, तुकडेही मोजणारी चाचणी आहे, पण ती नेमकं काय सांगते यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने) २०२० च्या नियमात सरळ म्हटलं की आंबवलेल्या पदार्थांतलं ग्लुटेन खात्रीने मोजणारी पद्धत उपलब्ध नाही. आंबवण्याआधीचा कच्चा माल ग्लुटेन-फ्री होता, हे कंपनीने कागदपत्रांनी दाखवावं. बार्लीच्या अशा बिअरवर तिथे ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिता येत नाही. ‘ग्लुटेन काढण्याची प्रक्रिया केली आहे’ एवढंच लिहायचं आणि शेजारी प्रमाण पडताळता येत नसल्याचा इशारा द्यायचा. ऑस्ट्रेलिया तर बार्लीच्या माल्टची कुठलीच बिअर ग्लुटेन-फ्री मानत नाही. युरोपात मात्र चाचणीत २० च्या खाली आली की तीच बाटली राजरोस ग्लुटेन-फ्री.

२०१७ मध्ये एक छोटा अभ्यास आला. सिलिअ‍ॅक रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं दोन्ही प्रकारच्या बिअरशी भिडवून पाहिली. मुळात बार्ली नसलेल्या बिअरला कुणाच्याच रक्ताने दाद दिली नाही. एन्झाइमवाल्या बिअरला काहींच्या रक्ताने दिली. रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे यावरून जगबुडी जाहीर करू नये. पण ‘मला तर काही त्रास होत नाही’ हा पुरावा त्याहून कितीतरी कच्चा आहे, कारण आतड्याची झीज पोट न दुखताही होते. मी बार्लीवाली घेत नाही. ज्यांना सिलिअ‍ॅक नाही, नुसतं ग्लुटेनने जड वाटतं, त्यांनी खुशाल घ्यावी; त्यातल्या काही चवीला झकास असतात असं ऐकते.

ओळखायची कशी? पुढच्या बाजूचं हिरव्या कणसाचं चित्र आणि मोठी अक्षरं सोडून द्या. बाटली फिरवा आणि घटकांच्या यादीत बार्ली शोधा. युरोपात ती लिहावीच लागते. ‘काढलेलं’, ‘कमी केलेलं’, ‘प्रक्रिया केलेलं’ असे शब्द दिसले की समजायचं, आत बार्ली आहे. घरगुती चाचणीपट्ट्यांवर बिअरच्या बाबतीत विसंबू नका, अडचण तीच, तुकड्यांची. आणि नळातून ग्लासात येणारी असेल तर विचारा की त्या पाइपमधून कालपर्यंत काय वाहत होतं. बारमागच्या माणसाच्या कपाळाला आठ्या पडतील, पडू देत.

आता चवीकडे. ज्वारीच्या पाकातून केलेल्या बिअरने आम्हा लोकांचं पहिलं पाऊल पडलं. अमेरिकेत मोठ्या कंपनीची म्हणावी अशी रेडब्रिज २००६ ची, ज्वारीचीच. तसं ज्वारीच्या बिअरमध्ये कमीपणाचं काहीच नाही. आफ्रिकेत ती पिढ्यानपिढ्या होते आहे, आणि १९८८ मध्ये नायजेरियाने बार्लीच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांनी लागर (नेहमीची फिकी, स्वच्छ चवीची बिअर) ज्वारी-मक्यावर काढून दाखवली. घोटाळा होतो तो ज्वारीचा तयार पाक पातळ करून, आंबवून, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) मारून बाटलीत भरला की. जिभेच्या कडेला धातूसारखी एक आंबूस चव रेंगाळते, बिअर पाण्यासारखी पातळ, फेस घटकेत गायब.

धान्याला रीतसर मोड आणून माल्ट करणारे नंतर पुढे आले आणि चित्र पालटलं. पण ते सोपं नाही, आणि या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. बार्लीचं गणित निसर्गानेच जुळवून ठेवलंय. तिचा स्टार्च ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान उकलतो आणि त्याची साखर करणारी तिचीच एन्झाइम्स त्याच तापमानात जोमात असतात. मिलेट, ज्वारी, तांदूळ यांचा स्टार्च उकलायला बहुतेक वेळा ७० च्या वर जावं लागतं, आणि तोवर त्यातलं महत्त्वाचं एन्झाइम मरून गेलेलं असतं. मग एन्झाइम असलेला रस आधी बाजूला काढून ठेवायचा, उरलेलं धान्य शिजवायचं, थोडं निवलं की रस परत ओतायचा. नाहीतर एन्झाइम बाहेरून विकत आणायचं. बार्लीची टरफलं गाळणीचं काम फुकटात करतात, मिलेटमध्ये त्यासाठी भाताची तूसं मिसळावी लागतात. फेस धरणारी बार्लीची प्रथिनंही नाहीत. यीस्टचीही भानगड असतेच: आधीच्या बार्लीच्या बॅचमधलं यीस्ट उचलून इथे टाकलं की त्याबरोबर ग्लुटेनही येतं आणि सगळ्या मेहनतीवर पाणी.

एवढं करूनही लोक उत्तम बिअर काढतात. मॉन्ट्रियलच्या ग्लुटेनबर्गने २०१२ च्या वर्ल्ड बिअर कपमध्ये ग्लुटेन-फ्री गटातली तिन्ही पदकं नेली. सिअ‍ॅटलची घोस्टफिश मिलेट आणि बकव्हीटवर काम करते. पोर्टलंडच्या ग्राउंड ब्रेकरने तर भाजलेले चेस्टनट आणि मसूर वापरलेत. मसुराची बिअर म्हटल्यावर मीही नाक मुरडलं असतं, पण गडद बिअरला लागणारा भाजका कडूपणा कुठून तरी आणायलाच हवा ना! नव्याने शोधणाऱ्यांना माझा सल्ला: आधी गडद किंवा हॉप्सने भरलेली घ्या. भाजकेपणा आणि हॉप्स धान्याची उणीव झाकतात. लागर सगळ्यात शेवटी. लागरला लपायला जागा नसते. ज्याची ग्लुटेन-फ्री लागर चांगली, त्याच्या बाकीच्या बिअर डोळे मिटून घ्याव्यात.

आणि आता माझं खरं दुखणं.

एका छोट्या ब्रूअरीची मिलेटची पेल एल (हॉप्सवाली फिकी बिअर) मला फार आवडायची. (नाव लिहीत नाही, इनबॉक्समध्ये विचारू नका.) मागच्या खेपेच्या बाटलीचं झाकण उचललं आणि एक क्षण काहीच झालं नाही. मग गळ्यातून फेसाची एक जाड वेटोळी वर आली, कडेवरून उतरली, आणि थांबेचना. बाटली सिंकमध्ये नेईपर्यंत अर्धी रिकामी. तळाचा करडा गाळ ढवळून वर आलेला, उरलेली बिअर ताकासारखी गढूळ. वास लवंगेच्या अंगाने जाणारा, चव आंबट आणि कोरडी. गळ्यावर तारीख छापलेली होती, पण शाई इतकी फिसकटलेली की महिना ३ की ८ ते कळेना.

ही ‘ग्लुटेन-फ्रीची चव’ नाही. हा बिघाड आहे. नको ते यीस्ट किंवा जिवाणू बाटलीत शिरले, शिल्लक साखर खात बसले आणि गॅस करत राहिले. चव शाबूत असून बाटली उसळली असती तर भरताना साखर जास्त पडली असेल, किंवा धान्यालाच बुरशी लागली असेल, अशी शंका घेतली असती. अशा बाटल्या फुटूही शकतात. उरलेल्या गार करून, टॉवेलमध्ये गुंडाळूनच हात लावा.

ब्रूअरीला लिहिलं. उत्तर आलं, अतिशय गोड भाषेत: पर्यायी धान्यांची चव पहिल्यांदा पिणाऱ्याला वेगळी वाटू शकते. पहिल्यांदा! बदली बाटल्याही आल्या. कोड पाहिला तर त्याच बॅचच्या.

हेच ते. धान्याचं नाव पुढे केलं की सगळं खपतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर बिअर जुनी आहे किंवा उन्हाळाभर गरम गोदामात पडून होती. ऑक्सिजन लागलेली कुठलीही बिअर तशीच होते. कुबट, स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा वास आला तर हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतून उजेड लागून हॉप्स बिघडलेत. लोण्याचा वास आला तर आंबणं पुरतं होण्याआधी घाई केली. यातलं काहीही मिलेटमुळे होत नाही. उलट आमच्या बिअरला ताजेपणाची जास्त गरज, कारण गिऱ्हाईक थोडं आणि बाटल्या फळीवर महिनोन्महिने. हॉप्सवाली पेल एल वर्षभर फळीवर राहिली की आत नुसता कडूपणा उरतो, आणि मग पिणारा म्हणतो, ‘ग्लुटेन-फ्री बिअर अशीच असते’. अहो, ती तशी नसते. ती शिळी आहे!

छोट्या ब्रूअरीवर टीका केली की लगेच कुणीतरी म्हणतं, बिचारे आपल्यासाठी करतात, सांभाळून घ्या. सांभाळून घ्यायला माझी ना नाही. पण मी त्यांना देणगी देत नाहीये, साध्या बिअरपेक्षा जास्त पैसे मोजून माल घेते आहे. आणि गुपचूप सिंकमध्ये ओतल्याने त्यांचं काही भलं होत नाही. बिघडलेली बॅच बाजारात फिरते आहे हे त्यांना कळणार कुठून?

तक्रार करा, पण ‘चव आवडली नाही’ अशी नको. त्याला उत्तर तयार असतं. बॅचचा कोड आणि तारीख यांचा फोटो, कुठून आणि कधी घेतली, घरी फ्रीजमध्ये होती की बाहेर, उघडल्यावर नेमकं काय झालं, वास कसा, गाळ किती. जमलं तर एक न उघडलेली बाटली गार ठेवून द्या आणि ती तपासायला द्यायची तयारी कळवा. तारीख वाचता येत नसेल तर तीही तक्रारच आहे. आणि घटकांत बार्ली असून पुढे काहीतरी भलतंच लिहिलेलं दिसलं, किंवा पिऊन ग्लुटेन पोटात गेल्यासारखा त्रास झाला, तर ब्रूअरीच्या गोड उत्तराची वाट बघू नका. तो चवीचा प्रश्न राहत नाही, सरळ अन्नसुरक्षा खात्याकडे जा. डॉक्टरांनाही सांगा.

माझ्या दुसऱ्या मेलला, फोटो आणि दोन्ही खेपांचे कोड जोडल्यावर, पैसे परत आले. बॅच मागे घेणार का, या प्रश्नाला उत्तर नाही. तिसरा मेल गेलाय. तोवर मी दुसऱ्या एका ब्रूअरीची स्टाउट (गडद, भाजक्या चवीची बिअर) पिते आहे. कॅनच्या बुडाशी भरल्याची तारीख ठसठशीत छापलेली असते. फेस अजूनही जरा लवकर बसतो, तेही त्यांना कळवलंय.