खिळा ठोकायला कोणाची परवानगी लागते?

पावसाळा तोंडावर आला की गिरगावातल्या ओळखीच्या लोकांकडून एक मेसेज हमखास येतो. 'इमारत हेरिटेज यादीत गेली की संपलं. खिळा ठोकायलाही समितीची परवानगी. दुरुस्ती नाही, पुनर्विकास नाही, भरपाई नाही, शेवटी घर तुमच्याच डोक्यावर पडणार.' खाली हात जोडलेले. जुन्या घरांच्या दुरुस्तीचे नकाशे काढणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे तो मला दहा ठिकाणांहून येतो.

आधी खिळा. मुंबईची वारसा नियमावली १९९५ साली लागू झाली. देशात कुठल्याही शहराच्या आधी ती इथे आली. तिची भाषा कडक आहे हे मान्य. यादीतल्या इमारतीची दुरुस्ती, बदल, गिलावा, अगदी रंगकामसुद्धा पालिका आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय करायचं नाही, आणि परवानगी देण्याआधी आयुक्तांनी वारसा जतन समितीचा सल्ला घ्यायचा. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं कुठेतरी ऐकलंय. पुढचं पान त्याने उलटलेलं नाही. त्या पानावर इमारतीच्या महत्त्वाप्रमाणे ठरवलेल्या श्रेणी आहेत. राजाबाई टॉवर आणि सीएसएमटी श्रेणी १ मध्ये, तिथे खरोखरच हात आखडता ठेवावा लागतो. श्रेणी २-अ मध्ये आतले बदल बहुतेक करता येतात, तपासणी होते ती बाहेरच्या रूपाची. श्रेणी ३ मध्ये तर आतले-बाहेरचे दोन्ही बदल सर्वसाधारणपणे चालतात, आजूबाजूच्या वस्तीचा चेहरा बिघडू नये एवढंच. मोरीच्या लाद्या बदलल्या की समिती दारात उभी राहते, असं मी तरी कधी पाहिलेलं नाही.

आणि समिती म्हणजे कोण? संरचना अभियंता, वास्तुविशारद, शहराच्या इतिहासाचे जाणकार, पर्यावरणाचा जाणकार, पालिकेचा अधिकारी. त्यांचा शब्दही शेवटचा नाही. अपवादात्मक प्रकरणात कारणं लेखी नोंदवून आयुक्त त्यांचा सल्ला बाजूला ठेवू शकतात.

'दुरुस्ती होत नाही' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं. एका वाडीतल्या घराची रस्त्याकडची भिंत जुनी, चुन्याची. ती ओल धरायची म्हणून कोणालाही न विचारता कंत्राटदाराने तिच्यावर सिमेंटचा जाड थर चढवला. दिसायला गुळगुळीत. चुन्याची भिंत ओल घेते आणि वाळवते, सिमेंट तिचं तोंड बंद करतं. दोन पावसाळ्यांत खार सुटला, पापुद्रे हातात यायला लागले, आणि आत अडकलेल्या ओलीने गॅलरीच्या सागवानी तुळईचं भिंतीतलं टोक कुजलं. मिस्त्रीने पेचकस टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला! मग रीतसर अर्ज केला. पहिला परत आला, चूक माझीच होती: मोजमापाचे नकाशे अपुरे, जवळून काढलेले फोटो नाहीत. दुसऱ्या खेपेला मंजुरी मिळाली, अट एवढीच की गिलावा चुन्याचा हवा आणि खिडक्यांच्या लाकडी झडपा काढून सरकत्या ॲल्युमिनियमच्या बसवायच्या नाहीत. खर्च जास्त आला, ते नाकारत नाही. पण सिमेंट उकरून काढायचा खर्च त्याहून जीवावर आला होता.

आता घर डोक्यावर पडण्याबद्दल. काळा घोड्याजवळचं एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल, हे उदाहरण लोक नेहमी देतात. एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमधून आणून उभारलेली ही इमारत. २००५ साली तिचा काही भाग कोसळून जीव गेला, २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. यादीत असून अशी दशा झाली, हे खरंच. पण यादीत असल्यामुळे झाली का? १९४७ च्या कायद्याने दक्षिण मुंबईतली भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू म्हणे घर कुठे माझं. १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर आणि दुरुस्ती मंडळ आलं, तरी गाडं अडलेलंच. वारसा यादीत नाव नसलेल्या उपकरप्राप्त इमारती मुंबईत हजारोंनी आहेत आणि त्यांच्याही गॅलऱ्यांना टेकू लागलेले आहेत. त्यांना कोणत्या समितीने अडवलं?

भरपाईचा मुद्दा अर्धा खरा. वारसा नियमांमुळे वापरता न आलेलं चटईक्षेत्र, म्हणजे जागेवर बांधता आलं असतं ते बांधकाम, दुसरीकडे बांधायचा विकास हक्क म्हणून विकण्याची तरतूद नियमावलीतच आहे, म्हणजे 'भरपाई नाही' हे चूक. पण दोन मजली घराच्या मालकाला हे हक्क विकण्यातलं काही कळत नाही, आणि छपराची कौलं आज बदलायला रोख पैसे लागतात. ते समिती देत नाही. समितीचं कामकाज संथ आहे ही ओरडही रास्त आहे. मेसेजवाल्याने यावर बोट ठेवलं असतं तर मीच तो पुढे पाठवला असता.

२०१२ मध्ये नव्या यादीचा प्रस्ताव आला, शिवाजी पार्क आणि हिंदू कॉलनीचं नाव निघालं, तेव्हा दादरमध्ये हीच भीती पसरली होती. लोकांनी हरकती नोंदवल्या. तो त्यांचा हक्कच होता. पण तेव्हाही जिन्यात गाठून मला विचारणारे बहुतेक जण 'आम्ही कुठल्या श्रेणीत?' हे न पाहताच घाबरलेले होते. यंदा मेसेज पाठवणाऱ्या काकांनाही मी तेच विचारलं. त्यांची इमारत यादीत नाहीच. तिच्या मागच्या गॅलरीला गेली अकरा वर्षं टेकू आहे.