गाण्यांचा वाद आणि हॉलिवूडचा मायक्रोफोन

मराठी चित्रपटांची चर्चा निघाली की एक वाद हमखास उपटतो. एक बाजू म्हणते, गाण्यांमुळे आपला सिनेमा कच्चा, अवास्तव राहिला, हॉलिवूडला गाणी लागत नाहीत. दुसरी म्हणते, गाणं हा संगीत नाटकाचा वारसा आहे, तो सोडायचा कशाला? इकडे कॅलिफोर्नियात सुरुवातीचे बोलपट आजही 35 एमएम फिल्मवर, थिएटरात पाहता येतात. ते पाहिल्यावर दोन्ही बाजूंचं म्हणणं मला अपुरं वाटतं.

मुळात हॉलिवूडला कंठ फुटला तोच गाण्यातून. ऑक्टोबर 1927 मधला वॉर्नर स्टुडिओचा 'द जॅझ सिंगर' बराचसा मूकपटच आहे. खरा आवाज आहे तो गाण्यांना आणि जेमतेम काही संवादांना. हा आवाज फिल्मवर नव्हताच. तो 16 इंची तबकडीवर होता, मिनिटाला 33⅓ फेरे, सुई आतून बाहेर सरकणारी. 1000 फुटांचं रीळ सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने सुमारे 11 मिनिटं चालतं, म्हणून तबकडीची एक बाजूही तेवढीच. फिल्म तुटली तर ऑपरेटरला गेलेल्या चौकटी मोजून तितकीच काळी फिल्म जोडावी लागे, नाहीतर पुढचं सगळं रीळ ओठांशी फटकून चाले. तबकडी साधारण 20 खेळांत झिजायची आणि बदलावी लागायची. फिल्मच्याच कडेला आवाज छापायची पद्धत दोन-तीन वर्षांत जिंकली, त्यामागे हाच रोजचा ताप होता.

चित्रीकरणातली अडचण याहून मोठी. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये यायची, म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही बंद खोक्यात कोंडलं. कार्बन आर्क दिवे गुणगुणत, म्हणून त्यांच्या जागी साधे तारेचे बल्ब आले. संवाद, वाद्यं आणि इतर आवाज मागाहून एकत्र करायला गेलं की दर्जा घसरायचा, म्हणून जे काही हवं ते बहुधा त्याच वेळी सेटवर वाजवावं लागे. गाणं असेल तर वादक कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसत. 1929 च्या 'द ब्रॉडवे मेलडी'तलं एक नृत्यगीत पुन्हा चित्रित करायचं ठरलं तेव्हा आवाज आधीच चांगला मिळाला होता. मग तोच सेटवर वाजवून नर्तकांना त्यावर नाचवलं. कॅमेरा त्या बेडीतून सुटला तो इथे, आणि आपल्याकडच्या गाण्यांच्या चित्रीकरणाची रीतही तीच.

मग गाणी गेली कुठे? 1929-30 मध्ये संगीतपटांचा इतका भडिमार झाला की प्रेक्षक विटले. तयार चित्रपटांतली गाणी कापून ते प्रदर्शित केले गेले. म्हणजे हॉलिवूडमध्ये गाणं नको झालं ते अतिरेकामुळे. वास्तवतेच्या तत्त्वाचा त्यात फारसा वाटा नव्हता. 1933 मध्ये '42nd स्ट्रीट' चालला आणि गाणी परत आली, पण आता ती संगीतपट नावाच्या वेगळ्या कप्प्यात. हे कप्पेच हॉलिवूडचं खरं वेगळेपण. 1931 चे गँगस्टरपट घ्या: मशीनगन, टायरचं किंचाळणं, भरभर बोलणं, हे सगळं मूकपटाला अशक्य होतं. 'द पब्लिक एनिमी'त पियानो वाजवणाऱ्या माणसाचा खून आपल्याला दिसत नाही. कॅमेरा बाजूला वळतो, गोळी ऐकू येते, सूर तुटतो. त्याच वर्षीच्या 'ड्रॅक्युला'त पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. वाद्यं दिसत नसताना संगीत आलं कुठून, असं प्रेक्षक विचारतील ही धास्ती तेव्हा होती. त्या शांततेने भयपटाला जे दिलं ते नंतरच्या ढणढणाटाला क्वचितच जमलं, असं माझं मत आहे.

आता आपल्याकडे. 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात आलेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाचं चित्रीकरण बरंचसं रात्री झालं, कारण स्टुडिओजवळून आगगाड्या जात. त्यात सात गाणी होती आणि ती पात्रांनी सेटवरच गायली. 1932 मध्ये कोल्हापुरात 'प्रभात' फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' केला. त्यात गोविंदराव टेंबे गातात तेही चित्रीकरणाच्या वेळीच, आणि म्हणूनच सुरुवातीच्या बोलपटांत गाणारा नट हवा असे. पार्श्वगायन 1935 मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने आणलं, आणि त्यानंतर गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा झाला. वारशाची बाजू हा टप्पा विसरते. संगीत नाटकातला गाणारा नट आणि आजचं चित्रपटगीत यांच्यामध्ये ही तांत्रिक फारकत आहे. वारसा खरा, पण तो सरळ रेषेत आलेला नाही.

हे सगळं तपासायचं तर चित्रपट समोर हवेत. इकडे पालो आल्टोचं 1925 चं स्टॅनफर्ड थिएटर मुख्यतः हॉलिवूडच्या सुवर्णकाळातले चित्रपट दाखवतं. संग्राहकांकडच्या तबकड्या अर्काइव्हमधल्या मुक्या रिळांशी जुळवून किती तरी लघुपट पुन्हा बोलते केले गेले. आपल्याकडे मात्र 'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाही, आणि 2003 मध्ये पुण्यात जुन्या, ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून फार मोठा ठेवा गेला. हा फरक मला वादाच्या निकालापेक्षा जास्त सलतो.

इथली महाराष्ट्र मंडळं गाण्यांच्या कार्यक्रमांवर भरपूर खर्च करतात. त्यातला थोडा 'प्रभात'च्या सुरुवातीच्या एखाद्या चित्रपटाच्या नीट खेळासाठी ठेवावा. नीट म्हणजे चित्र त्याच्या मूळ, जवळपास चौकोनी मापात. रुंद पडदा भरण्यासाठी ते ताणलं की चेहरे फुगतात, वर-खाली छाटलं की फेटे आणि पाय जातात. आवाजातली खरखर गाळतानाही हात राखून ठेवायला सांगावं, कारण खरखरीबरोबर तंबोऱ्याचा वरचा झणकार आणि 'स', 'श'ची धारही जाते. खेळाआधी प्रेक्षकांना एवढंच सांगावं की हे गाणं सेटवर, एका मायक्रोफोनसमोर, थेट गायलेलं आहे.