आत्यानं सॉरी का म्हणायचं?

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहून मोकळी होते.

भाचीनं आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. पदवीदानाला नेसलेली वांगी रंगाची पैठणी, पोरगी दिसतेय पण अशी छान! आमची आत्या बडोद्यात दांडिया बाजारात राहते, ऐंशी कधीच ओलांडलीय, एका बोटानं टाइप करते. तिनं लिहिलं, "बेटा, दिस कलर बिकम्स यू." मिनिटभरात चुलतभावाच्या चिरंजीवांचं उत्तर हजर. आधी पोट धरून हसणारे पिवळे चेहरे, मग उपदेश: "आजी, बिकम म्हणजे बनणे. कलर कसा काय ती बनेल? सूट्स यू लिहायचं." त्याला खाली दोघातिघांचे अंगठे. आणि आत्यानं काय लिहावं? "सॉरी बेटा, हल्ली विसरायला होतं."

तिला काहीही विसरायला झालेलं नाही. तुम्हाला मुळात माहीत नव्हतं.

बिकमचा दुसरा अर्थ शोभणे, खुलून दिसणे. कुठल्याही बऱ्या डिक्शनरीत सापडेल, पान उलटायचे कष्ट घेतले तर. 'अ बिकमिंग ड्रेस' म्हणजे शोभून दिसणारा पोशाख. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'येऊन पोहोचणे' अशा अर्थाचा होता, आतला 'कम' अजून दिसतो की. एखाद्या स्थितीला येऊन पोहोचलं की होणे, आणि एकमेकांशी जुळून आलं की शोभणे. जर्मन भाषेत त्याच घराण्यातला शब्द 'मिळणे' या अर्थाला गेला. म्हणून नवखा जर्मन माणूस इंग्रजी हॉटेलात "मी कटलेट कधी बनणार?" असं विचारतो, हा तिकडचा जुना विनोद आहे. हसायचंच असेल तर त्याला हसा.

आणि हे शोभणं फक्त साड्यांपुरतं नाही. आमच्या घरात ज्यांनी केंद्र सरकारची नोकरी केली त्यांना विचारा. १९६४ चे वर्तणूक नियम, त्यातला तिसराच नियम: सरकारी नोकरानं आपल्या पदाला 'अनबिकमिंग' असं काही करू नये. १९५० च्या सेना कायद्यातही अधिकाऱ्यांसाठी हाच शब्द आहे. अनबिकमिंग म्हणजे 'न बनणारं' का? न शोभणारं! आपण पोरांना ओरडतो ना, "हे वागणं तुला शोभत नाही", अगदी तेच. मराठीतलं शोभणेसुद्धा साडीलाही चालतं आणि वागण्यालाही. दोन भाषांचं असं गूळपीठ क्वचित जमतं, आणि नेमकं तेच क्लासमध्ये कोणी सांगत नाही.

आत्या सरकारी कचेरीत स्टेनो होती. असे मेमो तिनं ढिगानं टाइप केलेत, कार्बनच्या तीन-तीन प्रती काढून. एक अक्षर चुकलं की तिन्ही प्रती खोडायच्या, मधे कागदाचा कपटा सरकवून. तिला तुम्ही बिकम शिकवताय?

'बिकम म्हणजे बनणे' हे कुठून येतं ते मला पक्कं ठाऊक आहे. बडोद्यात सयाजीगंजपासून अलकापुरीपर्यंत बघा, जिना चढला की आयल्ट्सचा, म्हणजे परदेशी जायच्या इंग्रजी परीक्षेचा, क्लास. फळ्यावर डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे गुजराती, मधे बरोबरचं चिन्ह. बिकम बरोबर बनवुं. पुढे चला. गंमत म्हणजे त्या परीक्षेत लेखनाच्या गुणांचा चौथा हिस्सा शब्दसंपत्तीचा असतो, आणि ही संपत्ती अशी एकेका शब्दाला एकेक अर्थ चिकटवून जमवायची!

बरं, हो. बोलताना आज कोणी 'बिकम्स यू' म्हणत नाही, सूट्सच म्हणतात. मान्य. पण वापर कमी होणं वेगळं आणि चूक असणं वेगळं.

शाळेत इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला माझा, त्यामुळे बिकमचे हाल मी जवळून पाहिलेत. आपलं 'होणे' भलतं ऐसपैस. लग्न होतं, अपघात होतो, उशीर होतो, केस पांढरे होतात. पोरं सगळीकडे बिकम ठोकतात. 'ॲक्सिडेंट बिकेम.' अरे बाबा, तिथे हॅपन्ड. दूध नासलं की 'वेंट सावर'. बिघडण्याकडे, वाईटाकडे कल असला की इंग्रजीला बहुतेक वेळा 'गो' आवडतं: गो बॅड, गो ब्लाइंड, गो मॅड. साठी आली की 'टर्न्ड सिक्स्टी'. झोप लागली की 'फेल अस्लीप', आणि स्वप्न खरं झालं की 'केम ट्रू'. बोलताना जिथेतिथे 'गेट', लिहिताना बिकम जरा भारदस्त. आणि बिकमच्या मागे 'टु' लावून दुसरं क्रियापद आणायचं नाही. 'आय बिकेम टु लाइक बडोदा' नाही, 'केम टु लाइक'. मराठीत तरी आपण काय करतो? दूध नासतं, आंबा पिकतो, माणूस आजारी पडतो. सगळीकडे 'बनतं' म्हणून बघा, ऐकणारा पोट धरून हसेल.

पोरांचा तरी काय दोष म्हणा. बापानं कर्ज काढलेलं, बँड, म्हणजे त्या परीक्षेतले गुण, अर्ध्यानं कमी पडला की पुन्हा फी भरा. त्या घाईत कोण डिक्शनरी चाळणार? क्लासमुळे पोरं परदेशी पोचतात, हेही खरं. हा चिरंजीव मनानं वाईट नाही, गेल्या पावसाळ्यात विश्वामित्रीचं पाणी चढलं तेव्हा आत्याचा गॅस सिलेंडर यानंच खांद्यावरून वर नेला.

पण मग पुन्हा ते 'सॉरी बेटा' डोळ्यांपुढे येतं आणि तळपायाची आग मस्तकात जाते. शंका आली तर विचारायचं होतं, "आजी, असंही म्हणतात का?" तिनं खुशीनं तासभर सांगितलं असतं. ज्या दांडिया बाजारात अरविंद घोष राहिले, जे बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, तिथल्या बाईला इंग्रजीवरून चारचौघांत हसायचं? आणि अंगठे दाखवणारे तुम्ही लोक! तुमच्यातल्या दोघी माझ्या हाताखालून गेल्यात. तुम्हाला तर मुळीच सोडणार नाही, दिवाळीला या घरी.

चिरंजीव ही पोस्ट वाचणारच, त्याची आई दाखवेल. तेव्हा एक राहिलेलं सांगून टाकते. मागे त्यानं मला निबंध तपासायला पाठवला होता, त्यात पहिल्याच ओळीत 'वडोदरा हॅज बिकेम' होतं. मी गुपचूप दुरुस्त करून परत पाठवला, ग्रुपवर नाही टाकला. तिसरं रूप पुन्हा बिकमच असतं, राजा. बिकम, बिकेम, बिकम. परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे ना तुझी?