पुस्तकं घेण्याआधी भाकरी कोण थापणार ते ठरवा

गेल्या आठवड्यात आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एकीचा मेसेज आला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पदरात पाच वर्षांचा मुलगा. "ताई, तुम्ही दोन्ही पोरांना घरीच शिकवता, बाहेरचं कामही करता, घरात सासू-सासरे आहेत. मलाही पोराला घरी शिकवायचं आहे. कुठली पुस्तकं घेऊ?"

तीन दिवस मी तिला उत्तर दिलं नाही. सुरुवातीला मीही एकीला हेच विचारलं होतं. तिनं प्रेमानं पुस्तकांची लांबलचक यादी पाठवली, मी ती सगळी आणली आणि माझं पहिलं वर्ष त्या ढिगाखाली गेलं. तिचं काही चुकलं नव्हतं. प्रश्नच चुकीचा होता. तेव्हा उत्तर इथेच लिहिते, कारण असं विचारणाऱ्या बऱ्याच जणी आहेत.

आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत, एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. मी घरी बसून आठ छोट्या वर्कशॉपचे हिशेब बघते, जीएसटीचे रिटर्न भरते. म्हणजे माझा महिना ११ आणि २० या दोन तारखांभोवती फिरतो. ११ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, २०ला ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. सासरे आयुष्यभर मागावर बसले, आता गुडघे आणि डोळे दोन्ही थकलेत. लेक बारा वर्षांची, धाकटा आठ वर्षांचा.

लेक आधी शाळेत जात होती, इंग्रजी माध्यमात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती पहिलीत होती. मग मोबाईलवरचे वर्ग आले. दीड वर्षाने शाळा उघडली आणि रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली. घरात मराठी, वर्गात इंग्रजी, मैदानावर कन्नड नाहीतर हिंदी. चुकलं की मुलं हसायची आणि बाई रागवायच्या. गप्प बसणं तिला सोपं वाटायला लागलं. हळूहळू ती घरीही गप्प बसायला लागली, तेव्हा मी घाबरले. जून २०२२ पासून तिला पाठवलं नाही. धाकटा अंगणवाडीच्या पुढं गेलाच नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण तो प्रश्न मेसेजमध्ये हमखास असतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळी वाट आखलेली नाही. कलम १० मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं म्हणतं. न घातल्यास पालकाला शिक्षा मात्र त्यात नाही. कलम ४ प्रमाणे मूल पुढे आठवीपर्यंत आपल्या वयाच्या वर्गात दाखल होऊ शकतं, म्हणजे परत फिरायची वाट उघडी आहे. दहावीसाठी एनआयओएस आहे, केंद्राची मुक्त विद्यालयाची संस्था, १९८९ पासून चालू. चौदा वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि मराठी माध्यम आहे. सीमाभागातल्या आपल्या लोकांसाठी ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. लेकीसाठी आमचं तेच ठरलंय.

आता मूळ गोष्ट.

पहिल्या वर्षी मी सोप्यात फळा लावला. भिंतीवर वेळापत्रक. नऊ ते दहा गणित, दहा ते अकरा इंग्रजी. साडेचारला उठायचं, नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर त्याच्याही आधी. पाणी, केर, चहा, भाकऱ्या, सासऱ्यांच्या गोळ्या, मग नऊला फळ्यापुढं उभं राहायचं. सव्वानऊला फोन, "मॅडम, गाडी भरून उभी हाय, ई-वे बिल काढून द्या." मुलं वही उघडून बसलेली, मी लॅपटॉपवर, गॅसवर डाळ. दुपारी राहिलेलं गणित, रात्री राहिलेले हिशेब. झोपायला बारा. आणि गल्लीत जो तो म्हणायचा, "किती करतीस गे बाई!"

त्या कौतुकाचा मला आज राग येतो. आईला "किती करतीस" म्हणणाऱ्या एकानंही तिच्या हातातलं एक काम काढून घेतलेलं नसतं. आणि ते ऐकून ती आणखी दोन कामं ओढून घेते. मी घेतली.

मग एका महिन्याची २० तारीख आली. धाकट्याला ताप, सासूबाई गावाला गेलेल्या, नवरा सेकंड शिफ्टला. एका वर्कशॉपचं ३बी राहून गेलं. कळलं तेव्हा २२ तारीख होती. दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी दोन दिवसांचं व्याज. मी माझ्या पदरचे भरले. रक्कम फार नव्हती. मालक एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडनं असं कधी झालं नव्हतं." ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं.

रात्री साडेअकराला हे कामावरून आले तेव्हा मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. म्हटलं, जूनपासून दोघांना शाळेत घालूया, मला होत नाही. ते काही बोलले नाहीत. हातपाय धुतले, जेवले, ताट उचललं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, उलटं केलं, पेन घेतलं आणि म्हणाले, "सांग. घरात काय काय काम असतंय ते सगळं सांग."

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. भाकऱ्या. तांदूळ निवडणं. गॅस नोंदवणं. पाणी भरणं. मामंजींच्या गोळ्या संपायच्या आत आणणं. कुणाच्या लग्नात काय अहेर आला होता ते लक्षात ठेवणं. धाकट्याची नखं. उद्या भाजी काय, हा विचार करणं. हे शेवटचं त्यांनी लिहिलं नाही. म्हणाले, हे काय काम झालं? मी म्हटलं, लिहा. त्रेचाळीस कामं झाली. पुढं नावं घातली तेव्हा छत्तीस माझ्या नावावर, चार सासूबाईंच्या, तीन ह्यांच्या. मुलांना शिकवणं हे त्या छत्तिसांतलं एक होतं.

बराच वेळ पान बघून म्हणाले, "हे एवढं असतंय हे मला म्हाईतच नव्हतं." लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. खरं सांगते, त्या रात्री मला बरं वाटण्याऐवजी रागच आला, आणि अजूनही कधीतरी येतो. पण पान फाडून आपल्या हातानं लिहायला बसलेला तो माणूस मी विसरणार नाही.

तेव्हापासून सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळच्या भाकऱ्या हे थापतात. सासूबाईंना पहिले दोन महिने सोसलं नाही. "बाप्यानं भाकरी थापायची व्हय? लोक काय म्हणतील? सरक, मी थापतो." (आमच्या बेळगावकडं बायका "मी थापतो"च म्हणतात.) ह्यांनी परात सोडली नाही. पहिल्या भाकऱ्या कडेनं फाटायच्या, परातीतून उचलताना तुटायच्या. मग सासूबाईंनाच राहवेना. शेजारी बसून सांगायला लागल्या, पीठ जुनं हाय, विरी गेलीय, उकळतं पाणी घाल, तळव्यानं मळ, बोटांनी नको. धाकटा बाजूला बसून लहान गोळा मळत होता. त्यानं विचारलं, "उकळतंच का? गार का नको?" आजीनं सांगितलं, "चिकटत न्हाई म्हणून." का चिकटत नाही, हे तिघांनाही सांगता येईना. त्या दुपारी लेकीनं शोधून काढलं: गव्हात ग्लूटेन असतं म्हणून कणीक ताणली जाते, जोंधळ्यात ते नसतं; कडक पाण्यानं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, तोच भाकरीला धरून ठेवतो. मग गव्हाची कणीक आणि जोंधळ्याचं पीठ गार पाण्यात मळून, दोन्ही ताणून बघून झालं. मी त्या वेळी आतल्या खोलीत एका वर्कशॉपची बिलं जुळवत होते. तो धडा माझ्याशिवाय झाला.

असे धडे वाढत गेले. सासऱ्यांनी आठवड्याचे तीन दिवस गणित घेतलं, स्वतःहून. शाळा सातवीपर्यंत, पण मागावरचा हिशेब पक्का. कापडाचा तुकडा आणि भिंग घेऊन बसायचे. "इंचात धागे मोज." लेक मोजायची, साठ. "पन्हा अठ्ठेचाळीस इंच. मग ताण्याला धागे किती?" (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, ताणा म्हणजे उभे धागे.) दोन हजार आठशे ऐंशी हे उत्तर तिनं पाटीवर काढलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढचा तुकडा दिला. गुणाकार तिला माझ्या फळ्यावर वर्षभर चढला नव्हता. आणि मामंजींचंही बदललं. माग विकल्यापासून ते दिवसभर उंबऱ्यात बसून असायचे, आता दहा वाजले की चष्मा शोधतात.

कन्नड आमच्या शेजारच्या आक्कांनी शिकवलं. त्या विणकर घरातल्या, घरी कन्नडच बोलतात. आमचे मामंजी दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या, म्हणजे सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, फेरीला जात आलेत, आणि नातीला आक्कांकडं बसायला पहिल्यांदा तेच घेऊन गेले. "आपली भाषा सोडायची न्हाई, खरं दुसऱ्याची यायला पायजे," म्हणाले. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडं "खरं" म्हणजे "पण".) अक्षरं बसच्या पाट्यांवरून पक्की झाली. बेळगावच्या बसस्टँडवर उभं राहून लेक आजीला पाट्या वाचून दाखवते, ही खानापूर, ही निपाणी. आजीला उभ्या आयुष्यात ती पाटी कुणी वाचून दाखवली नव्हती, कंडक्टरला विचारत विचारतच त्या फिरल्या.

आणि बसचं निघालं म्हणून सांगते. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हापासून आमची सहलीची अडचण सुटली. आजी, मी, लेक फुकट, धाकट्याचं अर्धं तिकीट. एकदा जांबोटीवरून कणकुंबीला गेलो, मलप्रभा उगम पावते तिथं. ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. त्याच खानापूर तालुक्यात म्हादईही उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यातून अरबी समुद्राला जाते. धाकटा परतीच्या बसमध्ये विचारत होता, एक थेंब पडताना त्याला कसं कळतं कुठल्या बाजूला पडायचं? पाणलोट हा शब्द मी त्याला त्याच बसमध्ये सांगितला. त्या दिवशी घरी मामंजींना जेवायला ह्यांनी वाढलं होतं आणि धुणं तसंच राहिलं होतं.

राहतंच. सगळं होतं असं मी कुणाला सांगणार नाही. दिवाळीचा फराळ मी तीन वर्षं घरी केलेला नाही, गल्लीतल्या बचत गटाकडून घेते. ११ आणि २०च्या आधीचे दोन-दोन दिवस मुलांना माझ्याकडून काही मिळत नाही. घरात दोन्ही मुलं दिवसभर असतात, त्याचा गोंगाट कधीकधी असह्य होतो आणि मी ओरडते. लेकीला मैत्रिणी कमी आहेत. याचं मला वाईट वाटतं, आणि त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागून आहे. सीमाभागातल्या सरकारी मराठी शाळांचा पट दरवर्षी घसरतो आहे. पट घसरला की शिक्षक जातात, मग वर्ग एकत्र होतात, मग कुलूप. माझ्या माहेरच्या गावची शाळा आम्ही डोळ्यांदेखत रोडावताना बघतोय. भाऊ एकदा तोंडावर म्हणाला, "तुझी दोन पोरं पटावर असती तर?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. मुलांना इंग्रजी शाळेत घालणाऱ्यांना जो प्रश्न आपण विचारतो तो मलाही लागू आहे. महिन्यातून दोन शनिवारी मी आणि लेक त्या शाळेत जातो, मुलांना गोष्टी वाचून दाखवतो, तिथली मुलं लेकीला लगोरीत घेतात. एवढ्यानं पट वाढत नाही हे मला कळतं.

तेव्हा ज्या मुलीनं मेसेज केला तिला माझं सांगणं आहे. पुस्तकं आधी घेऊ नकोस. एक कोरा कागद घे, घरातली सगळी कामं लिही, उद्या भाजी काय हा विचारही लिही. नवऱ्याला आणि सासूला शेजारी बसव. शाळेचे सहा तास म्हणजे घरातल्या बाईला मिळालेले सहा तास असतात. ते तू परत करायला निघाली आहेस, तर त्या बदल्यात तुझ्या हातातून कोण काय घेणार ते आधी बोला. "तू शिकव, आमचा पाठिंबा आहे" असं नुसतं म्हणाले तर थांब. कोणत्या वारी कोण भाकरी थापणार इथपर्यंत बोलणं झालं पाहिजे. आणि घरात कुणी हात देणारं नसेल, एकटीवर सगळं असेल, तर पोराला गावातल्या मराठी शाळेत घाल. संध्याकाळी तास-दोन तास त्याच्याबरोबर बस. त्यात काहीही कमीपणा नाही, आणि त्या शाळेला तुझ्या पोराची गरज आहे.

तरी प्रत्यक्ष बघायचं असेल तर ये घरी, पोराला घेऊन ये. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी सातला आलीस तर ह्यांच्या हातची भाकरी मिळेल, दहाला मामंजी कापडाचा तुकडा काढतात. फक्त ११ आणि २० तारीख सोडून ये.