फिरत्या पुलावरून बेटांवर जाणाऱ्यांसाठी काही सूचना

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅली शहराहून आउटर बँक्स या समुद्रातल्या बेटांवर जाण्याचा बेत असेल, तर भाड्याचे घर शनिवारी दुपारी चारला ताब्यात मिळते, ही क्षुद्र बाब प्रथम विसरून जावी. गेल्या महिन्यात आम्ही ती विसरलो नव्हतो, त्यामुळे नाहक मनस्ताप झाला.

पेट्रोल व लघुशंका पुलाअलीकडच्या कोलंबिया गावातच उरकावी.

अ‍ॅलिगेटर नदीवरचा लिंडसे वॉरन पूल १९६० सालचा आहे, तेव्हा ज्येष्ठांशी वागावे तसे त्याच्याशी अदबीने वागावे. शिडाची नाव दिसताच आनंद मानावा. मिटलेल्या पुलाखाली जेमतेम १४ फूट मोकळी जागा असल्यामुळे उंच डोलकाठीसाठी मधला लोखंडी सांगाडा खांबावर आडवा फिरतो, आणि जलमार्गाचा हक्क आधी असल्याने एका हौशी नाविकासाठी बेटांवरच्या हॉटेलांत चादरी बदलायला निघालेल्या टिरेल परगण्यातल्या बायकांपासून मासळीच्या ट्रकपर्यंत सगळे तिष्ठत राहतात. नाव गेल्यावर पूल पुन्हा मिटतो, असा भाबडा समज मात्र बाळगू नये. आमच्या वेळी तो चार बोटांची फट ठेवून अडला. नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस भल्यामोठ्या पान्यासह चालत गेला, वाकून पाहिले, मान हलवली आणि परत आला. त्याच्यावर डाफरू नये. इतकी वर्षे निर्णय लांबवणाऱ्यांत तो नव्हता.

डास चावू लागले तर शेजारच्या अभयारण्याची सहल फुकटात घडली असे समजावे.

वादळात बेटे रिकामी करण्याचा एक रस्ताही हाच आहे, हे मुलांना सांगू नये. ती विचारतील, ‘मग तेव्हा अडकला तर?’ या प्रश्नाचे उत्तर पर्यटनाच्या करावर पोसलेल्या शहाण्यांनी द्यावे. केंद्राचे ११ कोटी डॉलर २०२३ मध्ये मंजूर झाले आणि नव्या, ६५ फूट उंचीच्या न फिरणाऱ्या पुलाचे काम २०२५ मध्ये सुरू झाले. म्हणजे जुन्याने साठी ओलांडल्यावर तुम्हाला जाग आली. लाज वाटायला हवी! नवा पूल होईपर्यंत निदान जुन्याचे सुटे भाग हाताशी ठेवा, आणि ‘पूल बंद’ हा फलक आम्हाला दिसला तसा कोलंबियात नव्हे, त्याच्या बरेच आधी लागणाऱ्या विल्यमस्टनला लावा. एडंटन गावावरून उत्तरेच्या रस्त्याने जायचे असेल तर तिथेच वळता येते, हे तुमच्याच नकाशात छापलेले आहे.